गोंगाट वजा जाता

गंगापूर धरणाच्या अलीकडे, द्राक्षांच्या मांडवामागे
एक बुटकी खोली. दारावर पाटी: आत येऊ नये.
आत खडकाला बोल्ट मारलेलं यंत्र, एक पाल, आणि मी.
एकोणतीस वर्षं नोकरी एकच:
जमीन काय म्हणते ते लिहून घ्यायचं,
माणसं काय म्हणतात ते खोडायचं.

खोडायच्या गोष्टीला आमच्याकडे नाव आहे,
सांस्कृतिक गोंगाट.
म्हणजे बोअरची मोटर, औषध फवारणारा ट्रॅक्टर,
देवळालीच्या मंगळवारच्या तोफा,
अनंत चतुर्दशीला मेन रोडवरून जमिनीत उतरलेले ढोल.
चाळणी लावली की रेघ अशी निजते
जशी ताप उतरलेली लेक.

नाझनीन अत्तार आली ती तीन शिक्क्यांचं पत्र घेऊन.
चौक मंडईतली. नखांत तांब्याचा हिरवा.
"भूकंप नकोत मला," म्हणाली,
"तुम्ही गाळता ते द्या."
चहाला आलेल्या पाहुणीने
चोथाच मागावा, तसं झालं.
दिला. अकरा दिवसांचा.
पावती घेतली. सरकारी काम.

तिने ती रेघ कागदावर लांबवली
आणि तांबट लेनमध्ये वडनेऱ्यांच्या पुढ्यात पसरली:
दर टोकाला एक ठोका,
उंच टोक, खोल ठोका.
वडनेरे वाचत नाहीत, बोट फिरवतात.
एक कान कधीच कामाला गेलेला.
तिसऱ्या दिवशी हातोडी हवेत थांबली.
"हा कोण ठोकतोय?
चार ठोके, दम, मग एक हलका.
घडा फिरवताना हात असाच अडतो.
माणूस आपल्यातला आहे."

मी बसलो समजवायला.
हातोडीची ताकद किती, मधे काळा दगड किती,
अंतर वाढलं की काय काय मरतं.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं,
म्हणाले, "असेल. मग तुम्ही सांगा, कोण ते."

मला सांगता येईना.
त्या रात्री खोलीत, नोकरीत पहिल्यांदा,
चाळणी काढून बसलो. रेघेला स्पीकर जोडला.
पालसुद्धा हलली नाही.
सव्वाचारला:
चार ठोके. दम. एक हलका.

टॉर्च घेऊन निघालो
आणि पंपघरापाशी तळपायांना कळलं.
शहराचं पाणी उचलणारा पंप बंद होताना
एक झडप सैल,
आणि नळातलं पाणी मागे फिरून
लोखंडावर डोकं आपटत होतं.
पुस्तकात यालाही हातोडाच म्हणतात.
मी तो धडा परीक्षेला लिहिला होता.
दहापैकी नऊ.

झडप बसवली. शाबासकीचं पत्र मला आलं.
वडनेऱ्यांचं नाव कळवलं होतं मी,
पण त्या फॉर्मात तसा रकाना नव्हता.
नाझनीन मात्र फुरंगटली:
"गप्प केलंत त्याला?"
मग जरा वेळाने,
"बरं, पुढचे दोन दिवसही द्या."

शालिमारच्या कलादालनात पत्रा टांगला होता,
सोळा फूट. शेजारी चौकटीत बरंच लिहिलेलं,
मला ते उलगडलं नाही. मी तारखा शोधत चाललो.
हा मंगळवार, ह्या तोफा. इथे वीज गेली होती.
इथे कोणाचं तरी लग्न, रात्री दीडपर्यंत.
आणि टोकाला, झडप बसल्यानंतरचा वीतभर तुकडा,
गुळगुळीत, त्यात माझा चष्मा.
"इथे बरीच विश्रांती मिळाली असेल," मी म्हणालो.

वडनेऱ्यांनी चांगला कान पुढे केला, मग हसले.
"साहेब, सगळ्यात जास्त ठोके तिथेच आहेत.
सपाट काय आपोआप होतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शिपाई दाराशी होता.
तुकड्यावरून बोट फिरवलं.
काही लागलं नाही.
पुन्हा फिरवलं.